जिथे अडले, तिथेच मदत

नेट बँकिंगवर नवा लाभार्थी जोडायचा आहे. नाव भरले, खाते क्रमांक दोनदा भरला, आयएफएससी भरला आणि लाल अक्षरांत उत्तर आले: 'अवैध आयएफएससी'. पासबुक समोर आहे, एकेक अक्षर जुळवून पाहिले आहे, तरी गाडी पुढे सरकत नाही. अनेकदा खोट पाचव्या जागी असते. 11 अक्षरांच्या या संकेतात पहिली चार अक्षरे बँकेची, शेवटची सहा शाखेची आणि मधले पाचवे नेहमी शून्य. छपाईत ते शून्य इंग्रजी 'ओ'सारखे दिसते आणि माणूस 'ओ' टाइप करून बसतो.

कोपऱ्यात 'मदत' असतेच. ती दाबली की सगळ्या सेवांची जाडजूड पीडीएफ उघडते, नाहीतर नेहमीच्या प्रश्नांची लांबलचक यादी. एसटी स्टँडवर 'कोल्हापूरची गाडी कुठे लागते?' विचारणाऱ्याच्या हातात विभागाचे अख्खे वेळापत्रक ठेवावे, तसला हा प्रकार. हवे होते एकच वाक्य, 'पाचवे अक्षर शून्य असते, ओ नव्हे', आणि तेही त्या चौकटीला लागून.

वापरणारा ज्या स्क्रीनवर, ज्या कामात, ज्या चौकटीशी अडला आहे, त्यापुरतीच मदत तिथल्या तिथे पुरवणे याला सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'कॉन्टेक्स्ट सेन्सिटिव्ह हेल्प' म्हणतात. मराठीत 'संदर्भानुसार मदत' म्हणू. ऐकायला ही किरकोळ सोय वाटते. पण वेब ॲप्लिकेशनमध्ये ती उभी करायला बसले की कळते, मजकूर लिहिणे हा त्यातला सोपा भाग आहे. खरी कसोटी लागते ती मजकूर आणि स्क्रीन यांची गाठ बांधण्यात आणि ती वर्षानुवर्षे सुटू न देण्यात.

मॅन्युअल न वाचणारा माणूस

माणसे मॅन्युअल वाचत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरोल यांनी 1980च्या दशकात या तक्रारीकडे वेगळ्या नजरेने पाहिले. वर्ड प्रोसेसर शिकणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे निरीक्षण करताना त्यांना दिसले, की पुढ्यात पुस्तक असूनही माणसे थेट कामाला हात घालतात, चुकतात, आणि अडल्यावरच पुस्तकाकडे वळतात. 1987 साली त्यांनी आणि मेरी बेथ रॉसन यांनी या पेचाची मांडणी केली. थोडा वेळ शिकण्यात घालवला तर पुढे वेळ वाचेल, हे खरे. पण माणूस शिकायला आलेलाच नसतो. त्याला पत्र संपवायचे असते. वाचायला थांबणे त्याला कामात खोळंबा वाटतो.

कॅरोल यांनी माणसाला दोष दिला नाही, पुस्तक बदलले. प्रस्तावना, इशारे, पुनरुक्ती छाटली. काम करता करता लागेल तेवढेच ठेवले. चूक झाली तर बाहेर कसे पडायचे, हे आवर्जून सांगितले. अशी आटोपशीर मॅन्युअल वापरणारे लोक जाडजूड पुस्तकवाल्यांपेक्षा लवकर शिकले. संदर्भानुसार मदत हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल. पुस्तक कितीही छोटे केले तरी त्यात नेमके पान शोधावे लागते. ते शोधण्याचे कामही वापरणाऱ्याच्या डोक्यावरून काढून घ्यायचे.

हे शक्य होते, कारण अडलेल्या माणसाला प्रश्न नीट मांडता येत नसला, तरी तो कुठे उभा आहे हे प्रोग्रामला पक्के ठाऊक असते. कोणती स्क्रीन उघडी आहे, कर्सर कोणत्या चौकटीत आहे, लॉगिन विद्यार्थ्याचे की शिक्षकाचे, भाषा कोणती निवडली आहे, नुकतीच कोणती त्रुटी दाखवली, ही सगळी माहिती त्याच्या खिशातच असते. शोधखिडकीत मात्र माणसाला नेमका शब्द माहीत असावा लागतो. 'बेनिफिशिअरी' हा शब्द ज्याला सुचत नाही, त्याला तो विषय शोधून सापडणार नाही.

एफ-वनपासून क्लिपीपर्यंत

डॉसच्या काळात मदतीची कळसुद्धा ठरलेली नव्हती. त्या वेळच्या लोकप्रिय वर्डपरफेक्टमध्ये मदत एफ-थ्रीवर होती आणि एफ-वन दाबले की चालू कृती रद्द व्हायची. 1987 साली आयबीएमने 'कॉमन यूझर ॲक्सेस' हे नियम आणले, त्यात एफ-वन मदतीसाठी राखली गेली. विंडोजने तीच वाट धरली आणि एफ-वन सगळ्यांच्या बोटांत बसली.

1990च्या विंडोज 3.0सोबत आलेल्या विनहेल्पची यंत्रणा आजही समजून घेण्यासारखी आहे. मदत लिहिणारा वर्डमध्ये मजकूर लिहायचा आणि प्रत्येक विषयाला तळटीप वापरून एक खुणेचे नाव द्यायचा. दुसऱ्या फाइलमध्ये त्या नावासमोर एक क्रमांक असायचा. तोच क्रमांक प्रोग्रामरच्या फाइलमध्ये त्या त्या डायलॉगसमोर. एफ-वन दाबले की प्रोग्राम विनहेल्पला म्हणायचा, 'अमुक क्रमांकाचा विषय उघड.' दोन्ही फाइली जुळल्या तर जादू. एकाने क्रमांक बदलला आणि दुसऱ्याला सांगायचे राहिले, तर असा विषयच नाही, असे कोरडे उत्तर. विंडोज 95ने डायलॉगच्या डोक्यावर प्रश्नचिन्हाचे बटण आणले. ते दाबून कोणत्याही चौकटीवर क्लिक केले की तिचा खुलासा शेजारीच उमटायचा.

ॲपलने 1991च्या सिस्टिम 7मध्ये फुग्यांचा मार्ग धरला. 'बलून हेल्प' चालू केली की माउस जाईल तिथे माहितीचा फुगा. नवख्याला गंमत वाटायची, पण काम करणाऱ्याला दर पावलाला फुगे नको असतात.

मग आला ऑफिस 97मधला क्लिपी, कागदाच्या क्लिपेच्या रूपातला मदतनीस. 'डिअर' टाइप केले की पत्र लिहिताय का, म्हणून डोळे मिचकावत हजर. त्यामागे मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातला 'लुमिएर' हा प्रकल्प होता. वापरणाऱ्याच्या हालचालींवरून त्याच्या मनातले संभाव्यतेच्या गणिताने ओळखावे, असा तो प्रयत्न. बाजारात आलेला क्लिपी त्यापेक्षा बराच ढोबळ नियमांवर चालत होता. 2001च्या ऑफिस एक्सपीत तो मुळातच बंद ठेवला गेला, इतकेच नव्हे, तर कंपनीने जाहिरातीत स्वतःच त्याची टर उडवली. ऑफिस 2007मधून तो गेलाच.

एफ-वन आणि क्लिपी यांच्यातला फरक वेब ॲप्लिकेशन बांधणाऱ्याने नीट लक्षात घ्यावा. एफ-वन फक्त जागा पाहते आणि बोलावल्याशिवाय येत नाही. क्लिपी हेतूचा अंदाज बांधतो आणि न बोलावता येतो. जागा नक्की माहीत असते. हेतूचा अंदाज दहादा चुकतो. लॉगिन करताच दहा बाणांनी 'हे पाहा, ते पाहा' म्हणत अंगावर येणारी आजची 'प्रॉडक्ट टूर' क्लिपीच्याच घराण्यातली. बहुतेक लोक ती बंद करायचे बटण शोधतात आणि आठवड्याने खरोखर अडतात, तेव्हा ती टूर परत कुठून आणायची, हे त्यांना सापडत नाही.

मूडल आणि वर्डप्रेस: दोन चालू नमुने

मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची मुक्तस्रोत प्रणाली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे मार्टिन डुगियामास यांनी ती सुरू केली आणि 2002 साली तिची पहिली आवृत्ती आली. आयआयटी मुंबईसह अनेक संस्थांत ती रोजच्या वापरात आहे. तिथे शिक्षक गृहपाठ लावायला बसला की त्याच्यासमोर दोन तारखा येतात: 'ड्यू डेट' आणि 'कट-ऑफ डेट'. दोन्ही शेवटच्याच तारखा वाटतात. शेजारच्या गोल प्रश्नचिन्हावर क्लिक केले की उलगडा होतो. ड्यू डेट उलटली तरी विद्यार्थी गृहपाठ देऊ शकतो, फक्त तो उशिरा आला अशी नोंद होते. दार खरोखर बंद होते ते कट-ऑफ डेटला. त्यानंतर मुदतवाढ दिल्याशिवाय काही स्वीकारले जात नाही. हे दोन ओळींत तिथेच कळले नाही, तर शिक्षक फक्त पहिली तारीख भरतो आणि मध्यरात्रीनंतरही गृहपाठ येतच राहिले की प्रणाली बिघडली म्हणतो.

मूडलची खुबी पडद्यामागे आहे. चौकटीचे नाव भाषेच्या फाइलमध्ये ज्या खुणेने ठेवलेले असते, त्याच खुणेला 'अंडरस्कोअर हेल्प' अशी शेपटी जोडली की त्या चौकटीची मदत. नाव आणि मदत एकाच फाइलमध्ये, शेजारीशेजारी. भाषांतर करणाऱ्याच्या हाती दोन्ही एकदम पडतात आणि एखाद्या भाषेत मदत नसेल तर इंग्रजी मजकूर दिसतो. आणखी एक शेपटी लावली की 'अधिक मदत' म्हणून सविस्तर पानाचा दुवा मिळतो. शिवाय पानाच्या तळाशी त्याच पानापुरत्या दस्तऐवजाचा दुवा असतो. त्याच्या पत्त्यात मूडलची आवृत्ती आणि भाषा आपोआप गुंफली जाते, म्हणून जुनी आवृत्ती चालवणाऱ्या कॉलेजला नव्या आवृत्तीची पाने दाखवली जात नाहीत. हा दुवा मुळात शिक्षक आणि व्यवस्थापकांसाठी; विद्यार्थ्याला तो दिसत नाही. भूमिकेनुसार मदत वेगळी, हे इथे साध्या परवानगीच्या नियमाने साधले आहे.

वर्डप्रेसचा मार्ग निराळा. त्याच्या प्रशासन विभागातल्या प्रत्येक स्क्रीनला स्वतःचे नाव आहे. उजव्या कोपऱ्यातला 'हेल्प' टॅब दाबला की त्याच स्क्रीनचा मजकूर खाली उलगडतो: लेखांच्या यादीवर यादीचा, चित्रांच्या संग्रहावर संग्रहाचा. हा मजकूर त्या स्क्रीनच्या कोडमध्येच लिहिलेला असतो. प्लगइन लिहिणारा आपल्या स्क्रीनसाठी असाच टॅब काही ओळींत जोडू शकतो. स्क्रीन बदलणाऱ्या डेव्हलपरच्या डोळ्यांसमोर मदतीचा मजकूर आपसूक येतो, हा याचा मोठा फायदा. तोटा असा, की एक शब्द सुधारायचा तरी नव्या रिलीजची वाट पाहावी लागते.

गाठ कशी बांधायची

आपल्याला स्वतःच्या ॲप्लिकेशनमध्ये ही सोय करायची असेल, तर पहिला मोह होतो पानाच्या यूआरएललाच धागा मानण्याचा. तो धागा कच्चा आहे. यूआरएल पुढेमागे बदलतात; त्यांत नोंदींचे क्रमांक मिसळलेले असतात; मधेच उघडणाऱ्या डायलॉगला बहुधा स्वतःचा यूआरएल नसतो. म्हणून प्रत्येक स्क्रीनला आणि अडचणीच्या प्रत्येक चौकटीला स्वतंत्र आयडी द्यावा.

समजा, कार्यालयाच्या रजा-अर्जाचे ॲप्लिकेशन आहे. 'रजा-अर्ज.नवा.कारण' असा आयडी चालेल. 'डावे-पॅनेल-3' चालणार नाही. पुढच्या वर्षी डिझाइन बदलले की डावे पॅनेल उजवीकडे जाईल, रजेचे कारण मात्र रजेचे कारणच राहील. आयडी कामावरून ठेवावा, दिसण्यावरून नाही. मग एका तक्त्यात आयडी आणि मदतीचा विषय यांची जोडी लावायची. ॲप्लिकेशन आयडीसोबत भूमिका, भाषा आणि आवृत्ती सांगते, तक्ता योग्य पान देतो. रोबोहेल्प, फ्लेअर यांसारखी मदत लिहिण्याची साधनेसुद्धा आतून असलाच तक्ता पाळतात. विनहेल्पची ती क्रमांकांची जोडी अजून जिवंत आहे.

आयडी ठिपक्यांनी पायरीपायरीने बांधला, तर आणखी एक सोय होते. 'कारण' या चौकटीची मदत अजून लिहिलेली नसेल, तर एक पायरी वर चढून 'रजा-अर्ज.नवा'ची दाखवायची, तीही नसेल तर 'रजा-अर्ज'ची. माणसाला 'पान सापडले नाही' कधीच दिसू नये. मात्र पायरी चढावी लागली, याची नोंद ठेवावी. पुढे काय लिहायचे, ते त्या नोंदीच सांगतात.

मजकूर ठेवायचा कुठे? एक-दोन ओळींचा खुलासा ॲप्लिकेशनच्या आतच असावा. तो चौकटीसोबत बदलतो आणि इंटरनेटच्या कृपेवर अवलंबून नसतो. रुग्णालये, बँका यांच्या अंतर्गत नेटवर्कवर बाहेरच्या साइट अनेकदा बंदच असतात. टप्प्याटप्प्याची लांब पाने वेगळी ठेवावीत, म्हणजे ती रिलीजशिवाय सुधारता येतात. मात्र लांब पान उघडताना अर्धवट भरलेला फॉर्म पुसला जाऊ नये. मदत बाजूच्या पॅनेलमध्ये किंवा नव्या टॅबमध्ये उघडणे बरे. आणखी एक खबरदारी: मदतीच्या दुव्यात आयडी जावा, खाते क्रमांक किंवा रुग्णाचा नोंदणी क्रमांक जाऊ नये. दुव्यातले सगळे मदतीच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये जाऊन बसते.

आणि गाठ सुटली आहे का, हे माणसावर सोपवू नये. प्रत्येक बिल्डच्या वेळी एका लहान स्क्रिप्टने कोडमधले सगळे आयडी गोळा करावेत आणि तक्त्याशी ताडून पाहावेत. मदत नसलेल्या स्क्रीन एका यादीत, स्क्रीन उरली नाही अशी अनाथ पाने दुसऱ्या यादीत. दुसरी यादी वाढत असेल, तर डिझाइन बदलल्याचे लेखकापर्यंत पोचत नाही, असे खुशाल समजावे.

काय लिहायचे, कसे दाखवायचे

'कारण: येथे रजेचे कारण भरा.' अशी मदत असंख्य ॲप्लिकेशनमध्ये सापडते. चौकटीचे नाव तिने वाक्य करून परत सांगितले, एवढेच. आता हे पाहा: 'हे कारण तुमच्या विभागप्रमुखांना आणि एचआरला दिसते. आजारपण असल्यास तपशील लिहिण्याची गरज नाही. तीन दिवसांपेक्षा जास्त रजा असेल, तर पुढच्या पानावर डॉक्टरांचा दाखला जोडावा लागेल.' चौकटीकडे नुसते पाहून न कळणाऱ्या तीन गोष्टी यात आल्या. लिहिताना हेच विचारावे: इथे काय भरायचे, ते कुठून मिळेल, कोणाला दिसेल, आणि चुकले तर बदलता येईल का? स्क्रीनवर आधीच दिसणारे काहीही पुन्हा लिहू नये.

मदतीची सर्वांत जास्त गरज असते ती करड्या, दाबता न येणाऱ्या बटणाजवळ. ते बंद का आहे, हे प्रोग्रामला माहीत असते, पण तो सांगत नाही. 'शिल्लक रजा संपली आहे. बिनपगारी रजेसाठी वेगळा अर्ज करा' ही ओळ तिथे आली, तर सपोर्टचा एक फोन वाचतो.

दाखवण्याचे काही नियम आता जागतिक मानकांतही आहेत. वेबच्या सुगम्यतेसाठीच्या डब्ल्यूसीएजी या मानकात संदर्भानुसार मदत असावी, हा निकष आहे. तो सर्वोच्च, म्हणजे तिहेरी-ए पातळीवर येतो. ऑक्टोबर 2023च्या 2.2 आवृत्तीने एक प्राथमिक पातळीचा निकष जोडला: अनेक पानांवर मदतीची सोय दिली असेल, तर ती पानागणिक इतर मजकुराच्या तुलनेत त्याच क्रमाने असावी. 2018च्या 2.1 आवृत्तीत टूलटिपसाठी तीन अटी आल्या. माउस न हलवता ती बंद करता यावी, माउस तिच्यावर नेता यावा, आणि वाचून होण्याआधी ती आपोआप नाहीशी होऊ नये. या तीन अटी पाळल्या नसतील, तर पडदा मोठा करून वाचणाऱ्या माणसाला टूलटिप असून नसल्यासारखी.

एचटीएमएलमधल्या 'टायटल'वर विसंबून मदत देऊ नये, ती मोबाइलवर बोटाने उघडत नाही. चौकटीच्या आतला फिकट मजकूरही मदत नव्हे. टाइप करायला लागताच तो नाहीसा होतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी. खुलासा चौकटीखाली लिहावा किंवा खऱ्या बटणामागे ठेवावा, आणि कोडमध्ये तो चौकटीशी जोडावा, म्हणजे स्क्रीन रीडर चौकटीच्या नावापाठोपाठ तोही वाचून दाखवतो.

मदत न लिहिण्याची वेळ

एखाद्या चौकटीची मदत चार वेळा लिहूनही सरळ होत नसेल, तर बहुधा दोष चौकटीत असतो. आयएफएससीचे पाचवे अक्षर नेहमी शून्यच असेल, तर 'ओ' आल्यावर प्रोग्रामनेच शून्य का करू नये? मग त्या मदतीची गरजच उरत नाही. कोणत्या स्क्रीनवरून मदत वारंवार उघडली जाते आणि तरीही काम अर्धवट सुटते, याच्या नोंदी म्हणूनच डिझाइन करणाऱ्यांच्या बैठकीत जायला हव्यात.

आता बऱ्याच ठिकाणी मदतीच्या जागी चॅटबॉट येऊ लागले आहेत. त्यांनाही हाच तक्ता लागतो. माणूस 'हे का होत नाही?' विचारतो, तेव्हा 'हे' म्हणजे काय, हे बॉटला स्क्रीनच्या आयडीवरून कळले नाही, तर तो उलट प्रश्न विचारत बसतो. आणि त्या आयडीखालचा मजकूर जुना असेल, तर जुनीच माहिती नव्या आत्मविश्वासाने सांगतो.

सुरुवात मोठी असण्याची गरज नाही. सपोर्टकडे आलेली महिन्याभराची तिकिटे घ्यावीत, स्क्रीननुसार लावावीत आणि सर्वांत जास्त तक्रारी असलेल्या मोजक्या चौकटींना आधी आयडी आणि दोन ओळींची मदत द्यावी. त्याचबरोबर टीममध्ये एक नियम करावा: ज्या रिलीजमध्ये चौकट बदलते, त्याच रिलीजमध्ये तिची मदत बदलते, ती बदलेपर्यंत काम 'पूर्ण' या रकान्यात जात नाही. हा नियम पाळणाऱ्या टीमला भारी साधन नसले तरी चालते. नियम नसेल, तर कितीही महागडे साधन आणले तरी सहा महिन्यांत मदत एका ॲप्लिकेशनबद्दल बोलत असते आणि स्क्रीनवर दुसरेच चालू असते.